न उघडलेली फाइल

प्रश्न: माझं वय ५३, यजमान ६० वर्षांचे. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. आमचा मुलगा गेल्या श्रावणात गेला. मानेतल्या गाठीचा कर्करोग होता. २७ वं लागलं होतं, लग्नाचं बघणं चालू होतं. केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी त्याला पुण्याच्या एका सेंटरला पाठवलं आणि तिथे त्याचं वीर्य गोठवून ठेवलं. आता त्या सेंटरचं पत्र आलंय, वर्षाची फी भरा आणि नमुन्याचं काय करायचं ते कळवा.

माझ्या भाच्याने मोबाइलवर दाखवलं की परदेशात मेलेल्या कुत्र्याच्या पेशीपासून हुबेहूब तसंच कुत्रं करून देतात. माझ्या मुलाच्या गाठीचा तुकडा अजून हॉस्पिटलात जपून ठेवलेला आहे. कुत्र्याचं होतं तर माणसाचं का नाही? नाहीतर निदान त्याचं मूल तरी. पुतण्याची बायको सरोगसीला, म्हणजे ते मूल पोटात वाढवायला, तयार आहे. यजमान म्हणतात, सोड आता. धाकटी मुलगी बंगलोरची नोकरी सोडून वर्षभर आमच्याजवळ आहे, ती काहीच बोलत नाही. सेंटरमध्ये मुलाने फॉर्म भरला होता. ती फाइल कपाटात आहे, मी उघडलेली नाही. गणपतीत ढोल वाजवणारा माझा मुलगा मला परत हवा आहे. हे पाप आहे का?
– एक आई

उत्तर:

ताई,

पाप नाही. पोटचा मुलगा पोहोचवून आलेल्या आईला तो परत हवासा वाटतो, त्यात पापपुण्याचा हिशेब कसला? तुम्हाला असं वाटलं म्हणून कोणी बोललं असेल, तर ते बोलणं मनातून काढून टाका.

पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडले. ‘नाहीतर’. मुलगा परत हवा, नाहीतर निदान त्याचं मूल. या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, ताई, आणि तुमच्या दुःखात त्या एक झाल्यात. मी त्या आधी वेगळ्या करते.

भाच्याने दाखवलं ते खोटं नाही. कुत्र्याचा पहिला क्लोन, म्हणजे अशी हुबेहूब नक्कल, २००५ मध्ये कोरियात झाला आणि आज पैसे घेऊन पाळीव प्राण्यांचे क्लोन करून देणाऱ्या कंपन्या आहेत. पद्धत अशी: प्राण्याच्या अंगातली एक पेशी घ्यायची आणि दुसऱ्या मादीचं स्त्रीबीज घेऊन त्याचं केंद्रक काढून टाकायचं. त्या रिकाम्या बीजात ही पेशी घालायची, भ्रूण वाढू लागला की तिसऱ्या मादीच्या गर्भाशयात सोडायचा. स्कॉटलंडमधली डॉली मेंढी अशीच जन्मली, ५ जुलै १९९६ ला. जिच्या कासेतल्या पेशीपासून ती झाली ती मेंढी तोवर मेलेलीसुद्धा होती. पेशी तेवढ्या गोठवून ठेवल्या होत्या. हे वाचून तुमच्या काळजात काय होईल याची मला कल्पना आहे, तरी लिहिते, कारण अर्धवट माहितीवर आशा बांधली की ती नंतर जास्त दुखते.

आता उरलेली माहिती. डॉलीसाठी २७७ बीजांत पेशी घातल्या. त्यांतले २९ भ्रूण मेंढ्यांच्या पोटात सोडण्याजोगे निघाले. जिवंत कोकरू एक. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत म्हशीचं पहिलं क्लोन केलेलं रेडकू जन्मलं. सगळीकडे कौतुक झालं आणि काही दिवसांतच ते मेलं. पुढची जगली. माणसाच्या त्यातल्या त्यात जवळचा प्राणी म्हणजे माकड. शांघायच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन क्लोन माकडं जाहीर केली, ती गर्भातल्या पेशींपासून झाली होती. मोठ्या झालेल्या माकडाच्या पेशी घेऊनही त्यांनी प्रयत्न केला होता. त्यासाठी ४२ माद्यांच्या पोटात भ्रूण सोडले. दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच गेली.

हा ४२ चा आकडा बायकांचा आहे असं क्षणभर समजा. गर्भपात झालेल्या, बाळंत होऊन हात रिकामे राहिलेल्या. तुमचं दुःख इतक्या जणींच्या ओटीत घालावं असं तुम्हाला कधीच वाटणार नाही, हे मी तुम्हाला न भेटताही सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणसाचा क्लोन जन्माला घालायला साफ मनाई आहे. युनेस्कोने १९९७ च्या जाहीरनाम्यातच ही गोष्ट मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध म्हटली. २००२ च्या अखेरीला परदेशातल्या एका कंपनीने माणसाचा क्लोन जन्मल्याचा गाजावाजा केला होता. पुरावा कधी पुढे आला नाही. उद्या कोणी तुम्हाला फोन करून ‘आम्ही करून देतो’ म्हणालं, तर तो माणूस तुमच्या दुःखावर दुकान थाटतोय एवढं ओळखा आणि फोन ठेवा.

तो गाठीचा तुकडा म्हणाल, तर तपासणीसाठी तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणात बसवलेला असतो. त्यातल्या पेशी केव्हाच मेलेल्या आहेत. त्याच्यासाठी हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवू नका. गोठवलेल्या वीर्यापासूनही क्लोन होत नाही. शुक्राणूत बापाची अर्धीच गुणसूत्रं असतात, ४६ पैकी २३. अर्धी दुसरीकडून, एका बाईकडूनच यावी लागतात. म्हणून म्हटलं, त्याचं मूल ही वेगळी गोष्ट आहे. ते तो नसेल.

आणि क्लोन तरी तोच असता का? अमेरिकेत टेक्सासच्या एका विद्यापीठात २००१ च्या डिसेंबरात मांजराचा पहिला क्लोन झाला. मूळ मांजरीचं नाव रेनबो, अंगावर केशरी, काळे, पांढरे ठिपके. पिल्लू जन्मलं ते पांढरं आणि करडं, केशरी रंगाचा ठिपकाही नाही. मांजरीच्या त्या रंगांचा खेळ गर्भात एकेका पेशीत वेगळा ठरतो, तो नकलून घेता येत नाही. एका मांजरीचा रंगसुद्धा जिथे परत आला नाही, तिथे ढोल वाजवणारे हात कुठून येतील? तुमच्या मुलाचे ते हात गुणसूत्रांनी घडवले नव्हते. गल्लीतल्या मोठ्या पोरांच्या मागे उभं राहून त्याने ठेका उचलला असेल, पहिल्या वर्षी टिपरू हातातून निसटलं असेल, तुम्ही रात्री त्याच्या तळहातांना तेल लावलं असेल. ती सगळी वर्षं त्याची आहेत, तुमचीही आहेत, आणि ती कुठल्या पेशीत साठवलेली नाहीत.

इथे मला माझं काही सांगायचं आहे. या सदरात मी स्वतःबद्दल फारसं लिहीत नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. चार वर्षांची होऊन तापाने गेली. पुढे दोन वर्षांनी मी झाले आणि घरात सगळे म्हणाले, तीच परत आली. नावही तिचंच ठेवलं. आपल्याकडे हे नवीन नाही. नातू झाला की ‘आमचे आबाच आले’ म्हणतात, मायेने म्हणतात, आणि आठ दिवसांत विसरूनही जातात. माझ्या घरी विसरले नाहीत. तिला गोड आवडायचं, मला आवडेना. ती गाणी म्हणायची, माझा गळा बेसूर. आई कधी मला रागावली नाही, पण मी काही करायला गेले की तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी यायचं आणि जायचं. ते कसलं हे मला विशी उलटल्यावर कळलं. ती मला पाहत नव्हती, माझ्यात कोणाला तरी शोधत होती. मेलेली मुलगी कधी चुकत नाही, ताई. मी रोज चुकत होते. माझ्यासाठी मांडलेल्या पाटावर आधीच कोणीतरी बसलेलं होतं, आणि तिला उठ म्हणायची सोय नव्हती.

प्रतिष्ठा हा शब्द परिषदांत आणि जाहीरनाम्यांत फार जड होऊन येतो. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: जन्माला येणाऱ्या मुलाला त्याचा स्वतःचा पाट मिळाला पाहिजे. त्याने कोणाची तरी जागा भरावी म्हणून, कोणाचं तरी अपुरं राहिलेलं पुरं करावं म्हणून त्याला आणलं, तर बारशाच्या आधीच आपण त्याच्यावर कर्ज चढवलेलं असतं. माझ्या आईकडे विज्ञान नव्हतं, फक्त एक समजूत होती, तरी ती मला पंचवीस वर्षं पुरली. ज्याला ‘तू तोच आहेस’ असं डॉक्टरी कागद दाखवून सांगितलं जाईल, त्या मुलाचं काय होईल?

म्हणून मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असं समजू नका. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा आमच्या घरात साखर वाटली होती. माझ्या मावसबहिणीचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि सासरचे तिला सुखाने जगू देत नव्हते. पुढे तिला याच मार्गाने दोन मुलं झाली. त्या मुलांकडे पाहून माझ्या मनात कधी शंका आली नाही. त्यांना कोणाच्या जागी आणलेलं नव्हतं. ती येतील तशी हवी होती.

आता त्याच्या मुलाविषयी. हा मार्ग अशक्य नाही, म्हणूनच इथे जास्त जपून बोलते.

पुण्यातच २०१८ मध्ये एका आईने असं केलं होतं. मुलगा मेंदूच्या कर्करोगाने गेला, उपचारांपूर्वी जर्मनीत त्याचं वीर्य गोठवलेलं होतं, त्यातून सरोगसीने जुळी झाली. तेव्हा कायदा नव्हता. आता २०२१ चे दोन कायदे आहेत, एक आयव्हीएफसारख्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) उपचारांचा आणि एक सरोगसीचा. सरोगसीच्या कायद्याप्रमाणे मूल मागणारं जोडपं नवरा-बायकोच लागतं. बायको ५० पर्यंतची, नवरा ५५ पर्यंतचा, आणि साधारणपणे हयात मूल नसावं. तुम्ही दोघं वयात बसत नाही, आणि तुम्हाला मुलगी आहे. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तुमच्यासारख्याच एका आई-वडिलांना त्यांच्या अविवाहित मुलाचं गोठवलेलं वीर्य द्यायला हॉस्पिटलला सांगितलं. मुलाची संमती दिसत असेल तर मृत्यूनंतर त्याचं मूल जन्माला घालायला आपल्या कायद्यात मनाई नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण तुम्हाला वकील गाठून कोर्टाची पायरी चढावी लागेल असंच धरून चाला, कोणी ‘होऊन जाईल’ म्हटलं तरी.

त्या निकालातला कळीचा शब्द संमती. आणि तुमच्या मुलाची संमती, ताई, तुमच्या कपाटात आहे.

त्या फाइलला तुम्ही हात का लावला नाही हे मला कळतं. अशा फॉर्मवर एक प्रश्न असतोच: मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करावं. त्याने काय लिहिलंय याची तुम्हाला भीती आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. कर्करोगाने गेलेल्या अविवाहित तरुणाने ‘नष्ट करावा’ असं लिहून दिलं होतं. आईचं म्हणणं, घरी न विचारता त्याने सही केली. याचिकेचा निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवा, एवढा अंतरिम आदेश न्यायालयाने दिला. त्या आईसाठी माझा जीव तुटतो. तरी माझं मत मी झाकून ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी केमो आहे हे माहीत असलेला सज्ञान मुलगा पेन हातात घेऊन आपल्या शरीराबद्दल काही ठरवतो, तेव्हा ते त्याचं आयुष्यातलं फार एकट्याने केलेलं काम असतं. आईला विचारलं नाही, कारण आईला हा प्रश्न ऐकवायचाच नव्हता. ‘नष्ट करावा’ असं त्याने लिहिलं असेल तर तो त्याचा शब्द आहे. जिवंत असता तर तुम्ही त्याचं लग्न त्याला न विचारता लावलं नसतं. मग तो बाप होणार की नाही हे त्याच्या शब्दाविरुद्ध कसं ठरवायचं?

त्याने दुसरं काही लिहिलं असेल, आई-वडिलांच्या हवाली करा असं, तर मग विचाराला जागा आहे. तेव्हा तीन माणसांकडे पाहावं लागेल.

पहिली, पुतण्याची बायको. ती ‘तयार आहे’ असं तुम्ही लिहिलंत. तिला कोणी विचारलं, कोणासमोर विचारलं? घरातला तरुण मुलगा गेलेला, मोठ्या काकू डोळ्यांत पाणी आणून विचारतायत, भोवती चार माणसं बसलीत. त्या घरात सून म्हणून आलेल्या मुलीला नाही म्हणता आलं असतं का? सत्यवतीची गोष्ट आपल्याला माहीत आहे. तिचे मुलगे गेले, वंश बुडू नये म्हणून तिने सुनांना तयार केलं. अंबिकेने डोळे मिटून घेतले, हे आपण मूल आंधळं का झालं ते सांगण्यापुरतं सांगतो. तिने डोळे का मिटले हे विचारत नाही. आजच्या कायद्याने सरोगेट आई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली लागते, आणि हे तिला आयुष्यात एकदाच करता येतं. उपचाराचा खर्च आणि विमा सोडून पैसे देता-घेता येत नाहीत. त्यामुळे नात्यातल्या बायकांवरच हे ओझं येतं, आणि त्याला त्याग असं छान नाव मिळतं. तिच्याशी तिच्या आईच्या घरी, तुम्ही समोर नसताना, एखाद्या समुपदेशकाला बोलू द्या.

दुसरी बाई कोण तेही अजून ठरलेलं नाही. सरोगेटचं स्वतःचं बीज वापरता येत नाही, म्हणून स्त्रीबीज देणारी वेगळी लागेल. त्या मुलाचं अर्धं रूप तिचं असेल, आणि ती कोण हे त्याला बहुधा कधी कळणार नाही.

तिसरी तुमची धाकटी. सगळ्या पत्रात तिच्यासाठी तुम्ही एक ओळ लिहिलीत. मूल आज जन्मलं तरी ते दहावीला असताना तुम्ही सत्तरीच्या जवळ आणि यजमान पंचाहत्तरीच्या घरात असाल. आजी-आजोबांनी नातवंडं वाढवणं आपल्याकडे नवीन नाही, पण तेव्हा गावात किंवा मुंबईत कुठेतरी आई-बाप असतात. इथे तुमच्यानंतर कोण? ती. तिच्या लग्नात, नोकरीत, म्हातारपणात हे मूल असणार आहे. मग ती बोलत नाही म्हणून तिला न विचारता कसं चालेल? भाऊ तिचाही गेला, ताई. तिने नोकरी सोडली, वर्षभर तुमच्याजवळ राहिली, आणि घरात बोलणं चाललंय ते त्याला परत आणण्याचं. मी त्या जागी होते, म्हणून सांगते. जिवंत असलेल्या मुलीला हे ऐकत बसणं फार अवघड असतं. तिला जवळ घेऊन विचारा. नमुन्याचं काय करू हे नंतर, आधी ‘तू कशी आहेस’ एवढंच.

आता लगेच करायचं ते. सेंटरची या वर्षीची फी भरून टाका आणि लेखी कळवा की आमचा निर्णय होईपर्यंत नमुन्याला हात लावू नये. पोच घ्या. याने काहीच ठरत नाही, फक्त तारखेची टांगती तलवार दूर होते. वर्षश्राद्ध होऊ द्या, गणपती होऊन जाऊ द्या. गल्लीत ढोल वाजतील ते दिवस तुम्हाला फार जड जाणार आहेत. त्या दिवसांत कुठल्याही कागदावर सही करू नका, भाच्याने आणलेल्या नाही आणि वकिलाने आणलेल्याही नाही. यजमान ‘सोड आता’ म्हणतात ते त्यांनाही सुटलेलं नसतं. पुरुषांना ते तसंच बोलता येतं. जमलं तर दोघं मिळून साताऱ्यात किंवा पुण्यात एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

आणि मग एखाद्या दुपारी कपाटातली फाइल काढा. एकटीने नको, धाकटीला शेजारी बसवा आणि तिलाच वाचायला सांगा. त्यात काय लिहिलंय ते मला कळवलंत तर पुढचं आपण पुन्हा बोलू. नाही कळवलंत तरी चालेल. त्याचं अक्षर तुम्ही वर्षभर पाहिलेलं नाही, तेवढ्यासाठी तरी ती उघडा.